फ्लायओव्हरवर गार, सिग्नलला गरम

एसी थंड करत नाही म्हटलं की आपल्याकडे उत्तर ठरलेलं असतं. घरातला असो, गाडीतला असो, दुकानातला असो. "गॅस संपला असेल." हे उत्तर देणाऱ्याला काही तपासावं लागत नाही आणि ऐकणाऱ्याला पुढे काही विचारावंसं वाटत नाही. दोन हजार रुपये द्यायचे आणि मोकळं व्हायचं. महिन्याभरानं पुन्हा गरम हवा यायला लागली की पुन्हा तेच. टाकीतलं पेट्रोल संपावं तसा एसीतला गॅस संपतो, अशी काहीतरी आपली समजूत आहे.

माझ्या चुलतभावाच्या, म्हणजे दादाच्या जुन्या पिकअपमध्ये यंदा मार्च-एप्रिलमध्ये असा तीनदा गॅस भरला गेला. त्यापुढचं रामायण इथे लिहून ठेवतोय, कारण घरातल्या निम्म्या लोकांनी ते फोनवर तुकड्यातुकड्यांनी ऐकलंय आणि प्रत्येकाची आवृत्ती वेगळी आहे. (पुण्याच्या आत्याच्या आवृत्तीत गाडीला आग लागते. तसं काही झालेलं नाही.)

आधी गाडीबद्दल. २०११ सालची पिकअप, पुढे दोन-तीन माणसांची केबिन, मागे उघडा हौदा. कंपनीचं नाव घेत नाही, कारण गाडीचा यात काही दोष नाही. दादा तिच्यातून वाशीच्या एपीएमसीतल्या मसाला मार्केटमधून लालबागला मिरची आणतो. लालबागचा मसाला बाजार ज्यांनी मार्च ते मे या दिवसांत पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. ब्याडगी, संकेश्वरी, काश्मिरी, पांडी अशा मिरच्यांचे ढीग, धण्याचा आणि दगडफुलाचा वास, भाजून घेण्यासाठी लागलेल्या रांगा, डंकांची धडधड. वर्षाचा मसाला करायला कुठून कुठून लोक येतात. दादाची वर्षाची खरी कमाई याच तीन महिन्यांतली. बाकीचे नऊ महिने गाडी नुसती पोटापुरतं फिरते.

आता यातली गोम अशी की मिरची वाहणाऱ्या गाडीत एसी ही चैन राहत नाही. एप्रिलच्या दुपारी केबिनच्या काचा बंद करून बसलात तर शिजता. उघड्या ठेवल्यात तर गाडी सिग्नलला थांबल्याबरोबर मागच्या पोत्यांचा खकाणा पुढे येतो, आणि मग ठसका, डोळ्यांतून पाणी, नाक लाल. गाडी चालवताना डोळ्यांतून पाणी येणं हा काही विनोदाचा विषय नाही. दादा छप्पन्न वर्षांचा आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये एसीचा पुढचा पंखा जळला, तेव्हा "बघू सीझन झाल्यावर" म्हणत त्यानं तशीच गाडी हाकली आणि एक दिवस सायनच्या सिग्नलला त्याला भोवळ आली. नशीब की गाडी थांबलेली होती. मागच्यांनी हॉर्न वाजवून वाजवून त्याला जागं केलं, असं तो हसत सांगतो. वहिनी हसत नाही. तिनं त्याच संध्याकाळी निक्षून सांगितलं होतं, एसी नीट होणार असेल तर गाडी ठेवायची, नाहीतर विकून टाकायची.

दिवाळीच्या सुमारास हातात थोडे पैसे आल्यावर दादानं पनवेलच्या बाजूला एका गॅरेजमध्ये त्या पंख्याची मोटर बदलून घेतली. थंडीत एसीची फारशी गरज पडली नाही. मार्च उजाडला, आणि पुन्हा गरम हवा.

पहिल्या मेकॅनिकनं गॅस भरला. दुसऱ्यानंही भरला. तिसऱ्यानं आधी "मिरचीनं आतली कॉइल चोक झालीय" असं सांगितलं आणि मग गॅस भरला. भरण्यापूर्वी प्रत्येकानं आधीचा गॅस फस्सकन हवेत सोडून दिला. आणि प्रत्येकानं गाडीची चाचणी घेतली ती सकाळी, लालबागच्या फ्लायओव्हरवरून एक फेरी मारून. अडीच किलोमीटरचा सलग पूल, ना सिग्नल ना गर्दी. केबिन गारेगार! दादा खूश, मेकॅनिक खूश. दुसऱ्या दिवशी दुपारी एकला दादर टीटीला पोहोचेपर्यंत पुन्हा भट्टी. तिसऱ्या खेपेनंतर निदान आणखी एक पायरी वर गेलं: कंप्रेसर गेलाय, पुढची जाळी पण बदलू, सगळे मिळून बावीस हजार. चौदा-पंधरा वर्षांच्या गाडीवर बावीस हजार घालायचे की गाडी काढून टाकायची, यावर घरात तीन दिवस चर्चा चालली. गिऱ्हाईकही तयार होतं. गाडी विकली असती तर दादाला दुसऱ्याच्या गाडीवर पगारी ड्रायव्हर म्हणून बसावं लागलं असतं, छप्पन्नाव्या वर्षी. तो हे बोलला नाही, पण त्या तीन दिवसांत त्यानं गाडी दोनदा धुतली.

मग कुणीतरी तात्यांचं नाव काढलं.

तात्या परळचे. वय अडुसष्ट. तरुणपणी गिरणीत बदली कामगार होते, तेही लूमवर नाही, तर ह्युमिडिफिकेशन प्लांटवर. हे खातं फार कुणाला माहीत नसतं. कोरड्या हवेत सूत तटातट तुटतं, म्हणून गिरण्यांमध्ये पाण्याचे फवारे मारून दमट केलेली हवा मोठमोठ्या डक्टांमधून खात्यांत सोडत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि इतर हजारोंसारखे तात्याही बाहेर पडले. हवा, पाणी, पंखे, पाइप एवढंच येत होतं, म्हणून ते फ्रिज दुरुस्तीकडे वळले आणि तिथून गाड्यांच्या एसीकडे.

(इथे एक आडवळण घेतो, कारण मला स्वतःला याची फार गंमत वाटते. 'एअर कंडिशनिंग' हा शब्दच मुळात कापड गिरण्यांतून आलाय. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात गिरण्यांचं काम करणाऱ्या स्टुअर्ट क्रेमर नावाच्या इंजिनियरनं तो १९०६ मध्ये वापरला, सुतासाठी हवा 'कंडिशन' करणं या अर्थानं. त्याआधी १९०२ मध्ये विलिस कॅरियरनं आधुनिक एसीची पहिली यंत्रणा आखली ती ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी. दमट हवेनं कागद फुगायचा आणि रंगांची छपाई एकमेकींवर नीट बसायची नाही. म्हणजे आधी सूत, आधी कागद. माणसाचा नंबर नंतर लागला. आणि माणसांतही ड्रायव्हरचा नंबर अगदी शेवटी. आपल्याकडे नव्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली ती १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या गाड्यांसाठी, आणि तीही साडेतीन टनांवरच्या वर्गांना. दादाच्या पिकअपसारख्या गाड्या त्यात बसतच नाहीत. चर्चगेट-बोरिवली एसी लोकल सुरू झाली २५ डिसेंबर २०१७ ला. साहेबाच्या फायलींना, औषधांना, आइस्क्रीमला, सगळ्यांना गार हवा मिळते. असो.)

तात्यांना फोन केला तेव्हा त्यांनी पहिली अट घातली ती वेळेची. सकाळी गाडी आणायची नाही. दुपारी एक वाजता, वाशीहून येऊन, इंजिन तापलेलं असतानाच आणायची. दादा म्हणाला, "तात्या, उन्हात कशाला त्रास तुम्हाला?" तर म्हणाले, "ताप असताना डॉक्टरकडे जातात बाळा, उतरल्यावर नाही."

मी मुद्दाम सुट्टी टाकून गेलो होतो. परळच्या एका चाळीमागची गल्ली, एका बाजूला गोण्या, दुसऱ्या बाजूला नव्या टॉवरचं बांधकाम आणि त्याची धूळ. तात्यांनी बोनेटला हातही लावला नाही. आधी दादाला प्रश्न विचारले. गार कुठे लागतं? गरम कुठे व्हायला लागतं? दादानं आपल्या भाषेत, म्हणजे रस्त्याच्या भाषेत सांगितलं. वाशीच्या खाडीपुलावर एकदम मस्त. मानखुर्दलाही बरं. चेंबूरच्या सिग्नलांना कमी व्हायला लागतं. सायनला कोमट. किंग्ज सर्कल, दादर टीटी, हिंदमाता इथे निव्वळ गरम. परळच्या पुढे पुलावर चढलो की पुन्हा थोडं गार. मध्येच सिग्नलला उभं असताना 'टक्' असा आवाज येतो आणि गाडी हलकी झाल्यासारखी वाटते.

"हवा जोरात येते?"

"जोरात येते, पण गरम."

"मग कॉइल चोक कशी असेल?" तात्या म्हणाले. आतली कॉइल, म्हणजे डॅशबोर्डमागची, धुळीनं किंवा मिरचीच्या कचऱ्यानं बुजली तर हवाच कमी येते. ब्लोअर ओरडतो आणि जाळीतून फुंकर बाहेर पडते. इथे हवा भरपूर होती. म्हणजे बिचारी मिरची निर्दोष सुटली.

आणि मग त्यांचं ते वाक्य, जे आमच्याकडे आता म्हणीसारखं झालंय: "तीनदा गॅस भरलास? हो गॅस पिता काय रे?"

एसीतला गॅस जळत नाही, वापरला जात नाही. तोच तो फिरत राहतो. रबरी नळ्यांतून वर्षाकाठी थोडा झिरपतो हे खरं, पण महिन्यात तीनदा रिकामा होत असेल तर कुठेतरी भोक आहे, आणि भोक असेल तर ते सापडलं पाहिजे. शिवाय गॅसबरोबर कंप्रेसरचं तेलही सगळीकडे फिरत असतं. गॅस निसटला तर तेलाचा ओशट डाग मागे ठेवून जातो आणि त्यावर धूळ चिकटून काळं होतं. तात्यांनी आता बोनेट उघडलं आणि टॉर्च मारून एकेक जोड पाहिला, बोट फिरवून. सगळे कोरडे. साबणाचं पाणीही लावलं. एक बुडबुडा नाही. "गॅस गेलेलाच नाही," ते म्हणाले. (लालबागला गॅस कंपनी लेन म्हणून रस्ताच आहे. "तिथेच राहतोस म्हणून सगळे तुला गॅस विकतात," असंही वर ऐकवलं.)

मग गेज लावले. ज्यांनी पाहिले नसतील त्यांच्यासाठी: दोन घड्याळं असतात, एक निळं आणि एक लाल. निळं कमी दाबाच्या बाजूचं, लाल जास्त दाबाच्या. इंजिन बंद असताना दोन्ही सारखीच दाखवतात. त्या दिवशीच्या उन्हात एकशेदहाच्या आसपास दाखवत होती. तात्या म्हणाले, इथेच लोक फसतात. बंद गाडीतला हा आकडा फक्त हवेच्या तापमानाप्रमाणे बदलतो. आत थोडा जरी द्रव गॅस शिल्लक असला तरी आकडा तोच. तीनशे ग्रॅम असो नाहीतर आठशे. म्हणजे 'प्रेशर ठीक आहे' किंवा 'प्रेशर कमी आहे' असं बंद गाडीवरून सांगणारा माणूस तुम्हाला हवामान सांगतोय.

इंजिन चालू केलं, एसी पूर्ण, ब्लोअर पूर्ण. मला एक काम मिळालं. फ्रिजमध्ये ठेवायचा थर्मामीटर डॅशबोर्डच्या जाळीत खोचायचा आणि आकडे ओरडून सांगायचे. कंप्रेसरचा मॅग्नेट टक् करून लागला. निळा काटा चाळीसच्या वर. लाल काटा दोनशेवर गेला, अडीचशेवर, आणि थांबेचना. तीनशे. साडेतीनशे. मी आतून ओरडतोय, "एकवीस! अजून एकवीस!" लाल काटा चारशेच्या जवळ पोहोचला आणि टक्. मॅग्नेट सुटला, कंप्रेसर बंद. दादा एकदम पुढे झाला, "हाच! हाच तो आवाज!"

तर हा 'टक्' म्हणजे गाडीची स्वतःला वाचवायची सोय. दाब फार वाढला की एक स्विच कंप्रेसर तोडतो, नाहीतर पाइप फुटतील. गॅस फार कमी झाला तरी असाच एक स्विच कंप्रेसर तोडतो. आवाज तोच, कारण अगदी उलट. आधीच्या तिघांनी तो आवाज ऐकला असेल किंवा नसेल, पण त्याला 'गॅस कमी' हाच अर्थ लावला आणि आणखी गॅस घातला. ज्याचं पोट फुगलंय त्याला आणखी जेवायला वाढायचं, तसं.

आता दाब का वाढतो? इथे तात्यांनी मला जे सांगितलं ते मी तेव्हापासून दहा जणांना सांगितलंय. एसी थंडी तयार करत नाही. थंडी नावाची वस्तूच नाही. केबिनमधली उष्णता गॅस आतल्या कॉइलमध्ये उचलतो आणि रेडिएटरपुढच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, आणून टाकतो. तिथून ती वाऱ्यानं बाहेर गेली पाहिजे. मुंबईत तर केबिनमधल्या दमट हवेतलं पाणी काढण्याचा बोजाही त्यावरच असतो. गाडीखाली टपटपणारं पाणी म्हणजे तेच. बाहेर टाकायची वाट अडली की उष्णता साचते, दाब चढतो आणि आत गरम हवा येते. आपण सगळे आत हात धरून बघतो, गार येतंय का. बघायचं असतं ते बाहेर, गरम जातंय का.

गाडी पळते तेव्हा वारा आपोआप जाळीतून जातो. खाडीपुलावर, फ्लायओव्हरवर. उभी राहिली की सगळी भिस्त पंख्यावर. म्हणजे दादानं रस्त्याच्या भाषेत जे सांगितलं होतं त्यातच निदान होतं. सायन, दादर टीटी, हिंदमाता.

तात्यांनी चाळीतून एक बादली पाणी मागवलं आणि तांब्यानं पुढच्या ग्रिलमधून त्या जाळीवर हळूहळू ओतायला सुरुवात केली. (फक्त जाळीवर. तापलेल्या इंजिनवर आणि वायरींवर कुणी पाणी मारू नये.) वाफ निघाली. लाल काटा झपझप खाली, तीनशे, अडीचशे, सव्वादोनशे. आणि आत माझा थर्मामीटर एकोणीस, सतरा, पंधरा, तेरा! एक तांब्या पाणी, फुकट. कंप्रेसर ठणठणीत आहे याचा याहून मोठा पुरावा नको होता. बावीस हजारांतले निदान अठरा हजार त्या तांब्यात वाहून गेले.

पाणी थांबवलं की काटा पुन्हा वर. म्हणजे जाळीतून वारा जात नाहीये. दादा म्हणाला, "पण तात्या, पंखा तर फिरतोय. नवीनच आहे. तिघांनीही बघितला." खरंच फिरत होता, गरगर. जाळी धुळीनं थोडी माखली होती, पण बुजलेली नव्हती. तात्या थोडा वेळ गप्प उभे राहिले. मग म्हणाले, "कालचा पेपर आण."

शेजारच्या पानवाल्याकडून पेपर आणला. त्याचं एक पान मी ग्रिलच्या पुढे, चार बोटांवर धरलं. हा छोटा विजेचा पंखा जाळीच्या पुढच्या अंगाला बसवलेला आहे. त्यानं बाहेरची हवा ओढून आत जाळीवर ढकलायची, म्हणजे पान ग्रिलकडे ओढलं जाऊन चिकटायला हवं. पान फडफडलं आणि माझ्या तोंडावर आलं.

एक क्षण कुणीच काही बोललं नाही. मग तात्या हसायला लागले, आवाज न करता, नुसते खांदे हलवत.

पंखा उलटा फिरत होता. दिवाळीत मोटर बदलताना दोन वायरी उलट्यापालट्या जोडल्या गेल्या होत्या. असली बॅटरीवरची मोटर उलट जोडली तरी बंद पडत नाही, तक्रार करत नाही, उलट्या दिशेनं तितक्याच आनंदानं फिरते. इंजिनच्या पट्ट्यावरचा मोठा पंखा हवा आत ओढतोय, हा पुढे बसून बाहेर ढकलतोय, आणि जाळी बिचारी दोघांच्या मध्ये. गाडी पळत असताना समोरचा वारा एवढा असतो की या उलट्या पंख्याचं काही चालत नाही. सिग्नलला थांबली की त्याचं राज्य. थंडीत हे कळणं शक्य नव्हतं, आणि सकाळी फ्लायओव्हरवर तर नाहीच नाही. 'पंखा फिरतोय का' एवढंच सगळ्यांनी बघितलं. कुठल्या बाजूला फिरतोय हे बघायला कालचा पेपर लागला.

कनेक्टरमधल्या दोन पिना काढून अदलाबदल करायला दहा मिनिटं लागली, त्यातली सात गंजलेला स्क्रू सोडवण्यात. पुन्हा पेपर धरला. पान ग्रिलला चिकटून बसलं.

काम तरी संपलं नव्हतं. लाल काटा आता तीनशेच्या खाली राहत होता, पण तात्यांच्या मनासारखा नव्हता. बोनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं होतं, आर-१३४ए, ६५० ग्रॅम. त्यांनी आपल्या छोट्या मशीननं आतला गॅस सिलिंडरमध्ये ओढून घेतला आणि काट्यावर ठेवला. ८२० ग्रॅम. तिसऱ्यानं, उन्हाळा आहे म्हणून, हात सैल सोडला होता. मग चाळीस मिनिटं व्हॅक्यूम आणि त्यातलाच मोजून ६५० ग्रॅम परत. हवेत काही सोडलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "माझा गॅस नाही, रस्त्याचाही नाही. मग सोडू कुठे?"

घरी आल्यावर मी आकडेमोड केली. जुन्या गाड्यांतला आर-१२ हा वायू ओझोनला भोक पाडतो म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानं त्याला हद्दपार केलं आणि त्याच्या जागी हा आर-१३४ए आला. ओझोनला हा काही करत नाही, पण पृथ्वी तापवण्याच्या बाबतीत कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे चौदाशेपट भारी. म्हणूनच २०१६ च्या किगाली दुरुस्तीत याच्यासारख्या वायूंवर टप्प्याटप्प्यानं कपात ठरली. भारतानं तिला २०२१ मध्ये मान्यता दिली आणि आपली पहिली मर्यादा २०२८ ला लागू होणार आहे. दादाच्या गाडीतून तीन वेळा मिळून अंदाजे दोन किलो वायू हवेत गेला असेल. म्हणजे पावणेतीन-तीन टन कार्बन डायऑक्साइड, हजारेक लिटर डिझेल जाळल्याइतका. दोन उलट्या वायरींपायी! ज्या उन्हापासून वाचायला एसी हवा, त्याच उन्हात आपण तीन फुंकरा घातल्या.

शेवटची चाचणी तात्यांनी फ्लायओव्हरवर घेतलीच नाही. भर दुपारी, गल्लीत, गाडी जागेवर उभी ठेवून वीस मिनिटं. लाल काटा सव्वादोनशेच्या आसपास स्थिर. माझा थर्मामीटर दहावर. दादा आत येऊन बसला, काच वर केली आणि काही बोलला नाही. मला वाटलं खूश असेल. बघतो तर चेहरा उतरलेला. थोड्या वेळानं म्हणाला, "सहा हजार गेले रे. आणि त्या माणसाला मी गाडी जवळजवळ दिलीच होती."

त्यावर मी काय बोलणार? ज्यांनी गॅस भरला ते काही लबाड होते असं मला वाटत नाही. दिवसाला दहा गाड्या येतात, गिऱ्हाईकच येऊन सांगतं की गॅस भरा, आणि वीस मिनिटं उन्हात उभं राहून काटा बघायचे पैसे कुणी देत नाही. तात्यांनी घेतले आठशे. त्यातही गॅसचे काही नाहीत, कारण गॅस गाडीचाच होता.

दादा मघाशी तिसऱ्या गॅसनंतर वैतागून म्हणाला होता की पट्टाच काढून टाकतो, एसीची कटकट नको. त्याला मी सांगितलं की अमेरिकेत पॅकार्ड कंपनीनं १९४० च्या मॉडेलमध्ये पहिल्यांदा कारखान्यातून एसी बसवून दिला, तेव्हा तो बंद करायची रीत हीच होती. कंप्रेसरला मॅग्नेट नव्हता. थंडी आली की उतरून बोनेट उघडायचं आणि पट्टा काढायचा. हे ऐकून तो जरा हसला, पण मला वाटतं मला बरं वाटावं म्हणून.

निघण्यापूर्वी तात्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. केबिनकडे जाणाऱ्या हीटरच्या दोन रबरी नळ्यांना हात लावायला सांगितला. हीटर बंद होता, तरी दोन्ही गरम. मुंबईत हीटर लावतो कोण? त्यामुळे त्याची कॉकची तार वर्षानुवर्षं गंजून पडते, कॉक थोडा उघडाच राहतो आणि इंजिनचं उकळतं पाणी गुपचूप आत येऊन एसीची हवा कोमट करतं. त्यांनी एक नळी चिमट्यानं हलकी दाबून धरली आणि दोन मिनिटांत थर्मामीटर दहाचा आठवर आला. "हे नंतर कर," म्हणाले, "घाई नाही. पण मे महिन्याच्या आधी कर."

कॉक ऑपेरा हाऊसकडे, मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानांत मिळेल. जुन्या मॉडेलचा, म्हणून दोन-चार दुकानं पालथी घालावी लागतील. येत्या रविवारी दुकानं बंद, म्हणून शनिवारी जायचं ठरलंय. काल दुपारी दादाचा फोन आला, नेहमीच्या वेळी, नेहमीच्या ठिकाणाहून. हॉर्नचा आवाज अगदी लांबून येत होता, म्हणजे काचा वर होत्या. शनिवारी किती वाजता निघायचं एवढंच विचारलं आणि म्हणाला, ठेवतो, सिग्नल सुटला.